रुग्णालयांच्या ताळेबंदाची नाडीपरीक्षा

विशेष प्रतिनिधी

रुग्णाची प्रकृती तपासणाऱ्या रुग्णालयाची आर्थिक प्रकृती कोणी तपासायची? बंद पडण्याच्या वाटेवर असलेली रुग्णालये वर्ष-दोन वर्षे आधीच ओळखता यावीत, यासाठी आता 'मशीन लर्निंग' या संगणकीय तंत्राचा वापर होऊ लागला आहे. हे तंत्र चालते कसे, ते कोठे चुकते आणि त्याने दिलेला इशारा नेमका ऐकायचा कोणी, याचा हा वेध.

अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या डॉर्चेस्टर भागात कार्नी हॉस्पिटल नावाचे रुग्णालय होते. १८६३ मध्ये, म्हणजे तेथील यादवी युद्ध ऐन भरात असताना, त्याची स्थापना झाली होती. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे दरवाजे कायमचे बंद झाले. त्याच दिवशी त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातील नाशोबा व्हॅली मेडिकल सेंटरलाही टाळे लागले. दोन्ही रुग्णालये 'स्टुअर्ड हेल्थ केअर' या कंपनीची होती. आठ राज्यांत ३१ रुग्णालये चालविणाऱ्या या कंपनीने त्याच वर्षी ६ मे रोजी दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी न्यायालयात धाव घेतली होती.

कारखाना बंद पडला तर कामगार देशोधडीला लागतात. ग्राहक दुसऱ्या दुकानातून माल घेतो. रुग्णालय बंद पडले तर मात्र रात्री दोन वाजता छातीत कळ आलेल्या माणसाला घेऊन निघालेली रुग्णवाहिका आणखी काही मैल पुढे जाते. ती काही मिनिटे कोणत्याही ताळेबंदात मांडली जात नाहीत.

शिवाय रुग्णालय बंद पडते ते एका रात्रीत नव्हे. 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार, याच साखळीच्या एका रुग्णालयात त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या एका महिलेवर उपचार करताना रक्तवाहिनी बंद करण्यासाठी लागणाऱ्या 'कॉइल' उपलब्ध नव्हत्या. बिल थकल्याने पुरवठादाराने काही आठवड्यांपूर्वीच त्या परत नेल्या होत्या. ती महिला दगावली. कंपनी न्यायालयात गेली ती त्यानंतर सात महिन्यांनी. दिवाळखोरीचा अर्ज हा आजाराचा शेवटचा टप्पा असतो. लक्षणे त्याच्या कितीतरी आधी दिसू लागतात. ती वेळीच वाचता येतील काय, हा खरा प्रश्न आहे.

जुनीच विद्या, नवे हत्यार

आकड्यांवरून आजारी उद्योग ओळखण्याचा प्रयत्न नवा नाही. १९६६ मध्ये विल्यम बीव्हर या अमेरिकी अभ्यासकाने कंपन्यांच्या हिशेबातील एकेक गुणोत्तर घेऊन ते बुडीत आणि सुस्थितीतील कंपन्यांत कसे वेगळे दिसते, हे तपासले. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठाचे एडवर्ड आल्टमन यांनी बुडालेल्या ३३ आणि तगलेल्या ३३ उत्पादक कंपन्यांचे हिशेब समोर ठेवून पाच गुणोत्तरांचे एक सूत्र बांधले. हाच 'झेड-स्कोअर'. गुणांक १.८१ पेक्षा कमी आला तर धोका, २.९९ पेक्षा अधिक आला तर निर्धास्त आणि मधला टापू संशयाचा, असे त्याचे साधे वाचन. बँकांमध्ये आणि वित्तीय संस्थांत हे सूत्र आजही शिकविले जाते. १९८० मध्ये जेम्स ओल्सन यांनी याच प्रश्नाला शक्यतेच्या भाषेत मांडले. कंपनी बुडेल की नाही, असे ठाम न सांगता ती बुडण्याची शक्यता किती, हे सांगणारे त्यांचे प्रारूप होते.

हे सूत्र उचलून रुग्णालयांना लावले तर काय बिघडते? बिघडते ते बरेच. आल्टमन यांच्या पाच गुणोत्तरांपैकी एकात कंपनीच्या समभागांचे बाजारमूल्य लागते. धर्मादाय न्यास चालवीत असलेल्या रुग्णालयाचे समभाग कोठून आणायचे? दुसरे असे, की कारखानदार मालाला उठाव नसेल तर उत्पादन थांबवू शकतो. रुग्णालयाला अपघात विभाग असा आठवडाभर बंद ठेवता येत नाही. अमेरिकेत तर १९८६ च्या कायद्याने तातडीच्या रुग्णाला पैसे देण्याची ऐपत न पाहता तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक केले आहे.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे रुग्णालयाचा दर बहुतांशी दुसराच कोणीतरी ठरवितो. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी 'मेडिकेअर' आणि गरिबांसाठी 'मेडिकेड' या सरकारी योजना आहेत. १९८३ पासून मेडिकेअर रुग्णालयाला प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे नव्हे, तर आजाराच्या गटानुसार ठरलेली ठोक रक्कम देते. खर्च त्याहून अधिक झाला तर फरक रुग्णालयाने सोसायचा. या व्यवस्थेत लहान ग्रामीण रुग्णालयांची दमछाक होऊ लागल्यावर १९९७ मध्ये कायदा करून, साधारणपणे २५ पर्यंत खाटांच्या आणि दुसऱ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या ग्रामीण रुग्णालयांना खर्चाधारित मोबदला देण्याची सोय करण्यात आली. तरीही गळती थांबली नाही. २०१० पासून अमेरिकेत सुमारे दीडशे ग्रामीण रुग्णालये एक तर बंद पडली किंवा तेथे रुग्ण दाखल करून घेणे थांबले.

नफा वहीत, पगार खिशातून

रुग्णालयाची आर्थिक नाडी पाहताना अभ्यासक नफ्याच्या आकड्यापेक्षा रोकडीकडे अधिक लक्ष देतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या रुग्णालयाचा वर्षाचा रोख खर्च ७३ कोटी रुपये आहे. म्हणजे रोजचा खर्च २० लाख. तिजोरीत आणि बँकेत मिळून ६ कोटी असतील, तर एकही रुपया आत आला नाही तरी ते ३० दिवस तग धरील. याला 'हाती असलेल्या रोकडीचे दिवस' म्हणतात.

आता दुसरी बाजू पाहू. हेच रुग्णालय रोज सरासरी २१ लाखांची बिले करते. वहीत नफा दिसतो. परंतु विमा कंपन्या आणि सरकारी योजना बिलाचे पैसे सरासरी ९० दिवसांनी देत असतील, तर सुमारे १९ कोटी रुपये कायम येणे बाकी राहतात. हातात ६ कोटी आणि बाहेर १९ कोटी, अशा स्थितीत योजनेचा एखादा हप्ता दोन महिने लांबला की परिचारिकांचे पगार, ऑक्सिजनचे बिल आणि यंत्रांच्या कर्जाचे हप्ते एकदमच दारात उभे राहतात. कागदावर फायद्यात असलेली संस्था अशा रीतीने रोकडीअभावी कोसळू शकते.

याखेरीज खाटा किती भरलेल्या असतात, इमारत आणि यंत्रे किती जुनी झाली आहेत, कर्ज किती आहे, रुग्णांपैकी किती कोणत्या विम्याचे आहेत, परिसराची लोकसंख्या वाढते आहे की घटते आहे, जवळ दुसरे मोठे रुग्णालय आले आहे काय, अशी अनेक लक्षणे असतात. यांतले एकही लक्षण एकट्याने निदान करीत नाही. ताप हिवतापातही येतो आणि साध्या सर्दीतही.

यंत्र शिकते म्हणजे काय?

येथेच मशीन लर्निंगचा प्रवेश होतो. जुन्या पद्धतीत कोणत्या घटकाला किती वजन द्यायचे याचा साचा अभ्यासक आधी ठरवितो. नव्या पद्धतीत संगणकापुढे हजारो जुनी उदाहरणे ठेवली जातात. प्रत्येक उदाहरणात एका रुग्णालयाचे एका वर्षाचे सर्व आकडे असतात आणि दोन वर्षांनी त्याचे काय झाले, हे उत्तरही असते. आकडे आणि उत्तर यांतील नाते संगणकाने स्वतः शोधायचे असते.

अमेरिकेत हे शक्य होते, याला एक व्यावहारिक कारण आहे. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला दरवर्षी तपशीलवार खर्च-अहवाल सरकारला सादर करावा लागतो आणि हे अहवाल जनतेला खुले असतात. खाटा, रुग्णदिवस, उत्पन्न, वेतन, कर्ज, रोकड अशा शेकडो रकान्यांची ही माहिती अनेक दशकांची साठलेली आहे. याच माहितीच्या आधारे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शेप्स केंद्रातील संशोधकांनी ग्रामीण रुग्णालयांसाठी 'आर्थिक संकट निर्देशांक' तयार केला. त्यात आर्थिक कामगिरी, सरकारी मोबदला, रुग्णालयाचे स्वरूप आणि परिसराची स्थिती या चार प्रकारच्या घटकांवरून रुग्णालयांची कमी ते अधिक धोका अशा चार गटांत विभागणी होते. ही मुख्यतः संख्याशास्त्राची रीत. मशीन लर्निंग तिच्याच पुढची पायरी आहे.

या तंत्रातील एक लोकप्रिय साधन म्हणजे 'निर्णयवृक्ष'. रोकड ३० दिवसांपेक्षा कमी आहे काय? असल्यास डाव्या फांदीवर जा. तेथे दुसरा प्रश्न : खाटा निम्म्याहून कमी भरतात काय? त्यापुढे तिसरा : रुग्णालय मोठ्या साखळीचा भाग आहे काय? असे करीत शेवटच्या पानावर निष्कर्ष मिळतो. कमी रोकड असलेले साखळीतले रुग्णालय कदाचित तगेल, कारण मूळ संस्था पैसे पुरवील. तीच रोकड असलेले एकाकी रुग्णालय बुडेल. घटकांचा असा एकमेकांवरचा परिणाम हे झाड सहज पकडते. मात्र एकच झाड जुनी उदाहरणे घोकंपट्टी करून पाठ करण्याचा धोका असतो. म्हणून लिओ ब्राइमन यांनी २००१ मध्ये अशा शेकडो वेगवेगळ्या झाडांचे 'रँडम फॉरेस्ट' मांडले. प्रत्येक झाडाने मत द्यायचे आणि बहुमताने निकाल लागायचा. दुसऱ्या एका पद्धतीत झाडे एकामागून एक लावली जातात आणि प्रत्येक नवे झाड आधीच्यांच्या चुका सुधारण्याचा प्रयत्न करते. 'एक्सजीबूस्ट' हे या प्रकारातले बहुचर्चित साधन.

परीक्षाही प्रामाणिक हवी. २०१५ पर्यंतच्या माहितीवर शिकवलेल्या यंत्राची परीक्षा २०१६ नंतरच्या माहितीवरच घ्यावी लागते. दोन्ही वर्षांची पाने एकत्र पिसून परीक्षा घेतली, तर उत्तरपत्रिका आधीच फोडून पेपर दिल्यासारखे होते. पडताळणीची ही शिस्त नसेल, तर अचूकतेच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

बरोबर आणि तरीही निरुपयोगी

अचूकतेच्या आकड्यातही एक गोम आहे. समजा, १००० रुग्णालयांपैकी पुढील दोन वर्षांत २० अडचणीत येणार आहेत. 'एकही बुडणार नाही', असे डोळे मिटून सांगणारे यंत्र ९८ टक्के अचूक ठरेल आणि त्याचा उपयोग शून्य असेल. म्हणून पाहायचे ते हे, की खऱ्या आजाऱ्यांपैकी किती पकडले आणि निरोगींपैकी किती जणांना उगाच आजारी ठरविले.

समजा, एका चांगल्या यंत्राने त्या २० पैकी १६ पकडली आणि उरलेल्या ९८० सुस्थितीतील रुग्णालयांपैकी केवळ १० टक्क्यांवर, म्हणजे ९८ रुग्णालयांवर, चुकीचा ठपका ठेवला. यादीत एकूण ११४ नावे आली. त्यांत खरी आजारी १६. म्हणजे यादीतल्या दर सात रुग्णालयांपैकी सुमारे सहा प्रत्यक्षात तगणार आहेत. दुर्मीळ घटनेचे भाकीत करताना हे टळत नाही. अशी यादी म्हणजे निकालपत्र नव्हे. पुढील तपासणीसाठी कोणाला आधी बोलवायचे, हे सांगणारी ती रांग आहे.

यासाठीच यंत्राने कारणेही सांगावीत, असा आग्रह धरला जातो. सामूहिक कमाईतला प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती, हे ठरविण्याची एक रीत गणिती अर्थशास्त्रज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये मांडली होती. तिचाच आधार घेऊन २०१७ मध्ये आलेल्या 'शॅप' या पद्धतीने एखाद्या भाकितात कोणत्या घटकाचा वाटा किती, हे दाखविता येते. 'धोका आहे' एवढेच सांगण्यापेक्षा 'धोका मुख्यतः थकलेल्या येण्यांमुळे वाढला' असे सांगितले, तर रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला निदान कोठे पाहायचे ते कळते. अर्थात हा वाटा यंत्राच्या हिशेबातला असतो. तेच प्रत्यक्षातले कारण असेल, याची हमी त्यात नसते.

कागदावर न उमटणारा आजार

सर्वांत हुशार यंत्रालाही न दिलेली माहिती वाचता येत नाही. स्टुअर्डचे प्रकरण हेच शिकविते. २०१६ मध्ये या कंपनीने आपल्या रुग्णालयांच्या जागा व इमारतींबाबत 'मेडिकल प्रॉपर्टीज ट्रस्ट' या स्थावर मालमत्ता कंपनीशी सुमारे सव्वा अब्ज डॉलरचा व्यवहार केला. स्वतःचीच वास्तू सोडून तिच्यात भाड्याने राहण्याचा हा मार्ग होता. एकरकमी पैसा हाती आला, पण पुढे दरवर्षी भाड्याचा बोजा मानेवर बसला. राज्याच्या आरोग्य माहिती केंद्राकडे लेखापरीक्षित वित्तीय विवरणपत्रे सादर करण्यास कंपनी वर्षानुवर्षे नकार देत राहिली. दंड आणि न्यायालयीन लढाई होऊनही ती बधली नाही. जेथे माहितीच दडवली जाते, तेथे दडवणे हाच सर्वांत मोठा इशारा मानायला हवा.

फिलाडेल्फियातील हानेमन विद्यापीठ रुग्णालयाची कथाही याच वळणाची. २०१८ च्या आरंभी नव्या मालकाने ते घेतले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात ते बंद झाले. साडेपाचशेहून अधिक निवासी डॉक्टरांना शिक्षण अर्ध्यावर असताना दुसरे रुग्णालय शोधावे लागले. रुग्णालयाने दिवाळखोरी पुकारली, पण ज्या मोक्याच्या जागेवर ते उभे होते, ती जागा वेगळ्या कंपन्यांच्या नावे असल्याने त्या प्रक्रियेबाहेर राहिली. मालकीची अशी चिरफाड खर्च-अहवालाच्या रकान्यांत सहज दिसत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. खर्च-अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर पाच महिन्यांनी द्यायचा असतो. म्हणजे यंत्र जी नाडी पाहते, ती बहुधा वर्षभरापूर्वीची असते. त्यातच करोनाच्या काळात, २०२० पासून, सरकारने रुग्णालयांना मोठे साह्य दिले. त्या वर्षांचे हिशेब त्यामुळे खऱ्यापेक्षा गुटगुटीत दिसतात आणि त्यांवर शिकलेले यंत्र फसू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'चेंज हेल्थकेअर' या बिलांची देवघेव करणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि देशभरातील रुग्णालयांची येणी एकाएकी अडकली. असा धक्का कोणत्याही जुन्या उदाहरणात नव्हता.

इशाऱ्याची दुसरी धार

समजा, इशारा अचूक आहे. तो कोणाच्या हाती पडतो, यावर त्याचा परिणाम ठरतो. आरोग्य खात्याच्या हाती पडला, तर थकलेले पैसे लवकर देता येतील, लेखापरीक्षक पाठवता येईल, बंद होणारा प्रसूतिकक्ष वाचवता येईल. अशा उपायांत चुकीच्या ठपक्याची किंमत फार नसते. तोच इशारा बँकेच्या आणि औषध पुरवठादारांच्या हाती पडला, तर बँक कर्ज आखडते, पुरवठादार उधारी बंद करतो, चांगले डॉक्टर दुसरीकडे जागा शोधू लागतात आणि जे रुग्णालय तगले असते तेही खचते. भाकीत खरे ठरते ते भाकितामुळेच.

आणखी एक धडा २०१९ चा आहे. झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिले, की रुग्णांची गरज मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय पद्धतीत आजाराऐवजी उपचारांवरील खर्च हे माप धरले होते. कृष्णवर्णीय रुग्णांवर कमी खर्च होत असल्याने ते कमी आजारी आहेत, असे यंत्राने ठरविले. रुग्णालयांबाबतही हाच धोका संभवतो. गरीब वस्तीतले रुग्णालय तोट्यात असते, कारण तेथील रुग्ण पैसे देऊ शकत नाहीत. यंत्र त्याला 'धोकादायक' म्हणेल. ते खोटेही नसेल. परंतु त्याचा अर्थ 'मदत द्या' असा घ्यायचा की 'पैसे गुंतवू नका' असा, हे यंत्र सांगत नाही. तो निर्णय माणसांचाच आहे.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत मेडिकेडच्या निधीत कपात करणाऱ्या विधेयकावर चर्चा सुरू असताना काही सिनेटरांनी शेप्स केंद्राच्या माहितीच्या आधारे संकटाच्या छायेतील ३३८ ग्रामीण रुग्णालयांची यादी जाहीर केली. सलग तीन वर्षे तोटा किंवा मेडिकेडच्या रुग्णांचे अतिशय मोठे प्रमाण, असे तिचे साधे निकष होते. विधेयक ४ जुलै रोजी कायदा झाले. मात्र त्यात ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांकरिता ५० अब्ज डॉलरचा निधीही ठेवण्यात आला. मॅसॅच्युसेट्सने जानेवारी २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने रुग्णालयांमागच्या गुंतवणूकदारांकडून आणि जागामालकांकडूनही माहिती मागण्याचे अधिकार राज्याला दिले आणि स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांना रुग्णालयाचा मुख्य परिसर नव्याने विकून तो भाड्याने घेण्याची वाट रोखली.

आपल्या दाराशी

महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील अनेक मोठी रुग्णालये सार्वजनिक न्यासांची आहेत. त्यांना आपले लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तालयाकडे द्यावे लागतात. २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. म्हणजे हिशेबाचे कागद आहेत. अमेरिकेतील खर्च-अहवालांसारखे एका साच्यातले, संगणकाला वाचता येतील असे आणि लोकांना खुले मात्र ते नाहीत.

दुसरीकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेऊन पाच लाख रुपयांचे संरक्षण देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. योजनेत सहभागी झालेल्या लहान रुग्णालयाचा श्वास योजनेकडून येणाऱ्या पैशावर चालतो. कोणत्या रुग्णालयाचा कोणता दावा किती दिवस अडकला आहे, हे योजनेच्या संगणकात नोंदलेले असते. हाती असलेल्या रोकडीचे दिवस सरकारला माहीत नसतील, पण येणे थकल्याचे दिवस त्याला नक्कीच माहीत असतात. सर्वांत आधी दिसणारे लक्षण ज्याच्या दप्तरी आहे, त्यालाच त्याचे कारण दूर करणेही शक्य आहे. ही गोष्ट ओळखायला फार गुंतागुंतीच्या यंत्राची गरज नाही.

यंत्र नाडी पाहील, वाढलेला ठोका मोजील, रांगेत आधी कोणाला तपासायचे तेही सांगेल. औषध देणे त्याच्या हाती नाही. कार्नी हॉस्पिटलच्या बाबतीत संकट दिसले नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. थकलेले पुरवठादार, न मिळालेली विवरणपत्रे, वाढते भाडे ही लक्षणे अनेकांना ठाऊक होती. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पाणी आटते आहे हे कळूनही पोहरा सोडून पाहायला कोणी गेले नाही, तर विहीर असूनही उपयोग नसतो.